जावांचं पुस्तक

आई अन् काकू एकमेकींशी बोलत नव्हत्या तेव्हा त्यांच्या मधातलं टपाल मी होतो. दोघी एकाच खोलीत, एकाच सतरंजीवर, हात लांब केला तं पोचेल एवढ्या अंतरावर बसत. आई छापलेल्या कागदाच्या घड्या घाले, काकू त्या घड्या एकावर एक ठेवून दाभणानं शिवे, अन् मधात मी. आई म्हणे, तुह्या काकूले सांग, कागद कच्चा आहे, दाभण हळू टोच. काकूनं ते ऐकलेलं असे, तरी ते माह्याकडे पाहत बसे. मंग मी मान वळवून म्हणाचं, काकू, कागद कच्चा आहे. काकू म्हणे, मले डोळे आहेत म्हणा. मी मान वळवून म्हणाचं, आई, तिले डोळे आहेत. असं दिवसभर. माही मान त्या काळात जी वळाले शिकली, ते आजही रस्त्यानं चाललो तं उगाच वळते, अन् बायको विचारते, कोणाले पाहून राहिले.

टपाल म्हटलं तरी मी काही चांगलं टपाल नव्हतो. लंबा निरोप माह्या ध्यानात राहत नसे. चौथीपर्यंत शाळेनं मले अन् मी शाळेले कसंतरी सहन केलं, मंग दोघांनीही हात जोडले. एकदा काकू अंगणात पाणी भरून राहिली होती. आई मले म्हणाली, तिले सांग, सकाळपासून वाकून बसली होती, पाठ धरली असंन तं घटकाभर पड, तोपर्यंत शिवण मी पाहते. एवढं सगळं अंगणापर्यंत नेता नेता सांडलं. मी काकूले सांगतलं, "आई म्हणते, पड." काकू त्या दिवशी जेवली नाही, अन् काहून जेवली नाही हे मले समजलं नाही. हे सगळं मी सांगून राहिलो अन् माही नात मोबाईलवर टाईप करून राहिली. लिहिता मलेही येते, पण माहं लिहिलेलं मलेच वाचता येत नाही.

आमचं घर नागपुरात इतवारीत, भांड्यांच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत. दिवसभर पितळेवर हातोडी पडे. ठोक ठोक ठोक. बाहेरचा माणूस आमच्या घरी आला तं जोरानं बोले, अन् आम्ही बाहेर कोणाच्या घरी गेलो तं आम्ही जोरानं बोलो, म्हणून लोकांले वाटे हे बाईंडिंगवाले भांडाले आले. बाबा अन् काका दोघं मिळून बाईंडिंगचं काम करत. शाळेच्या वह्या, फाटक्या पोथ्या, वकिलांच्या जाड्या किताबा. समोरच्या खोलीत पुस्तक दाबाचा लोखंडी शिकंजा होता, तो फिरवला की म्हातारी कण्हल्यासारखा आवाज येई. मधल्या खोलीत बायकांचं काम. अन् सगळ्या घरात मैद्याच्या खळीचा वास. आईच्या हातचं बेसन, म्हणजे पिठलं, अन् बाबाच्या हातची खळ यात फरक कराले मले नाकाचा उपयोग नव्हता, फक्त मिठाचा होता. काका तं शपथेवर सांगत की एकदा खळ संपली म्हणून त्यायनं एका पुठ्ठ्याले आईचं बेसन लावलं, अन् ते पुस्तक अजून उखडलं नाही.

भांडणाचं मूळ खापरखेड्याले. तिथं पॉवर हाऊसच्या क्वार्टरमधे माह्या आतेबहिणीचं लग्न होतं. आमच्यात मोठ्या जावेचा मान पहिले असते. माही आई मोठ्या भावाची बायको, म्हणून नात्यानं मोठी. पण काकाचं लग्न उशिरा झालं, अन् काकू वयानं आईपेक्षा मोठी. पांढरे केसही पहिले तिलेच आले. नवरदेवाकडची एक बाई कुंकवाचं ताट अन् लुगडं घेऊन आली, दोघींच्या तोंडाकडे पाहिलं, अन् ओटी काकूच्या पदरात टाकून मोकळी झाली. काकूनं तिथं म्हणाले पायजे होतं की बाई, मी लहान, मोठी ते. काकू बोलली नाही. आईचं म्हणणं, ते मुद्दाम बोलली नाही. काकूचं म्हणणं, त्या वेळी तिच्या तोंडात बुंदीचा लाडू होता. मी तिथंच होतो, पण मले साक्षीले कोणी धरलं नाही, कारण माह्याही तोंडात लाडू होता.

खापरखेड्याहून येताना बोलणं बंद झालं ते झालंच. मंग ओसरीत दुसरी चूल मांडली. काका तिकडे जेवत, आम्ही इकडे. काकूची पाटोडी, तिचा तो लाल रस्सा, तिचा गोळाभात, हे सगळं वास बनून आमच्या पंगतीत येई अन् मी आईच्या बेसनासोबत तो वास खाई. पुढं काकानं नंदनवन वस्तीत दोन खोल्या बांधल्या अन् तिकडे राहाले जाचं ठरवलं. तेव्हा बाबाचं तोंड उतरलं. घड्या इतवारीत अन् शिलाई नंदनवनात, असं पुस्तक बनत नसते. काकूसारखी घट्ट शिलाई आमच्या गल्लीत कोणाची नव्हती. ते गेली की काकाही आपलं वेगळं काम टाकतीन, अन् दोघा भावांचं दुकान तिथंच उसवंन. हे घरातल्या सगळ्यांले माहीत होतं, पण थांब वं, जाऊ नको, हे म्हणाले एकच माणूस पायजे होतं, अन् ते माणूस घड्या घालत गप्प बसलं होतं.

अशात एक दिवस रिटायर झालेले एक वकीलसाहेब पुस्तक घेऊन आले. मखमलीत गुंडाळलेलं. बारशाले लेकरू आणावं तसं दोन्ही हातांवर धरलेलं. तपकिरी चामडं, कडेले सोनेरी वेल, अन् आत रंगीत चित्रं. एकेका चित्रावर कांद्याच्या पातीसारखा पातळ कागद टाकलेला, नवरीच्या तोंडावर पदर असते तसा. शिलाई मात्र पार गेलेली, पानं लटकून राहिलेली. साहेब म्हणाले, हे लय जुनं आहे, पुन्हा कुठं भेटणार नाही, एका गोऱ्या प्रवाशानं तिथं राहून, पाहून लिहिलं, जावाच्या जीवनावर आहे. बाबाले वाटलं जावा नावाच्या फटफटीचं पुस्तक आहे. ते म्हणाले, साहेब, ऑइल लागलं असंन तं खळ धरणार नाही. साहेबांनी पुस्तक थोडं आपल्याकडे ओढून घेतलं. मी मात्र बरोबर ऐकलं होतं. जावांच्या जीवनावर. जाऊ, जावा. फरक एका अनुस्वाराचा, अन् अनुस्वाराशी माही कधी ओळखच झाली नव्हती.

आता नात हसून हसून टाईप कराची थांबली आहे. ते म्हणते, आजोबा, मी कॉलेजात जे शिकली त्या कॉम्प्युटरच्या भाषेचं नावही जावाच आहे. मी म्हटलं, म्हणजे आपल्या घरातून जावा काही गेल्या नाही.

मी मधल्या खोलीत जाऊन सांगतलं की एका गोऱ्या माणसानं जावांवर पुस्तक लिहिलं आहे, चित्रांसकट. दोघींचे हात थांबले. मंग दोन निरोप एकाच वेळी निघाले. आई म्हणाली, तिले विचार, गोऱ्याले जावांचं काय माहीत. काकू म्हणाली, तिले सांग, माहीत असल्याशिवाय कोणी एवढं जाडं लिहीत नाही. त्या दुपारी दोघींनी चित्रं पाहिली. आई डावीकडून, काकू उजवीकडून, अन् पानं उलटाले मधात मी. एका चित्रात दोन बाया लांबट लाकडी उखळात धान कांडून राहिल्या होत्या. एकीचं मुसळ वर, एकीचं खाली. दोघी एकमेकींकडे पाहत नव्हत्या. आई अन् काकू त्या चित्रापाशी लय वेळ थांबल्या, अन् कोणीच निरोप दिला नाही.

आमच्यात पुस्तक उसवताना एक नियम असे: पंखा बंद. मे महिना, नागपूरचं ऊन, वर पत्रे, तरी पंखा बंद. दुसऱ्या दिवशी बाबा अन् काका पुठ्ठा आणाले गेले अन् चित्रं सोडवाचं काम मले दिलं. लिहिलेल्या पानांवर आकडे होते, चित्रांवर नव्हते. बाबानं दहादा बजावलं होतं की जे चित्र जिथून काढलं तिथंच चिठ्ठी लावून ठेवाचं. मी सगळी चित्रं काढून एक छान गठ्ठा केला, कारण मले ते गंजिफ्यासारखे पिसून पाहाचे होते. मंग घाम चित्रावर टपकंन म्हणून, म्हणजे पुस्तकाच्या भल्यासाठीच, मी टेबलफॅनचं बटण दाबलं.

ज्वालामुखी खिडकीतून बाहेर जाता जाता वाचला. बाकी सगळं जावांचं जीवन खोलीभर उडालं. एक नाचणारी बाई पाण्याच्या माठावर बसली, एक राजा चुलीजवळ गेला. आई कोपऱ्यातून झाडू घेऊन उठली अन् काकू दुसऱ्या कोपऱ्यातून लाटणं घेऊन. खापरखेड्यानंतर दोघींनी मिळून केलेलं ते पहिलं काम. मी मागच्या दारानं सटकलो अन् शेजाऱ्यांच्या संडासामागं जाऊन बसलो. एकदा वाटलं, सरळ रेल्वेत बसून निघून जावं. पण भूक लागली होती.

उन्हं कलली तेव्हा मी परत आलो अन् मागच्या दाराशी कान लावला. आत मले दोन आवाज आले. मी म्हटलं, निरोप कोण नेऊन राहिलं? कोणीच नव्हतं. टपालवाला नाही म्हणून चिठ्ठ्या आपल्याच पायानं चालून राहिल्या होत्या.

साहेब दुसऱ्या दिवशी पाहाले येणार होते. चित्रं कोणत्या क्रमानं लावाची हे कोणाले माहीत नव्हतं. पण पुस्तक जावांचं होतं, अन् जावांचा क्रम या दोघींपेक्षा जास्त कोणाले माहीत असणार? दोघी चित्रं सतरंजीवर मांडून गोष्ट लावून राहिल्या होत्या. धूर निघणारा डोंगर म्हणजे भांडण पेटलं. मोठमोठी पितळेची भांडी मांडून माणसं बसलेली, ते म्हणजे भांड्यांची वाटणी. आमच्या गल्लीतल्या बाईले दुसरं काही सुचणारही नाही. पडद्यामागं दिवा लावून एक माणूस दोन्ही हातांत एकेक बाहुली धरून बसला होता. काकू म्हणाली, "हा आपला गज्या." आई म्हणाली, "नाही वं, याच्या तोंडावर काही अक्कल दिसते." अन् दोघी हसल्या. मी दाराच्या मागं, अन् माह्या अपमानावर माहं घर हसून राहिलं होतं. मले इतकं बरं वाटलं की मी आत जाले उठलो अन् पुन्हा बसलो.

मंग एक चित्र राहिलं. शिडाची नाव, अन् तिच्यात पदर घेतलेली एक बाई. काकूनं ते उचलून सगळ्यात शेवटी ठेवलं असंन, कारण तिचा आवाज आला, "हे झालं. लहानी जाऊ वेगळी राहाले गेली."



"तिथं नाही ते," आई म्हणाली. "ते सगळ्यात पहिले लाव."

"काहून?"

"ते जाऊन नाही राहिली. येऊन राहिली. लग्न होऊन येऊन राहिली ते."

"येऊन राहिली तं तिचं तोंड घराकडे पायजे."

"घराकडेच आहे. तू चित्र उलटं धरलं वं सुमन."

काकूचं नाव आईच्या तोंडून मी किती दिवसांनी ऐकलं, सांगता येत नाही. काकूनं नाक ओढलं. मंग म्हणाली, "बाई, तुम्ही मले त्या दिवशी पड काहून म्हटलं?" आई म्हणाली, मी कधी म्हटलं. मंग दोघींनी माहं जुनं टपाल एकेक करून उघडलं. मी तिथं शेवटपर्यंत थांबलो नाही. शेजाऱ्यांच्या संडासामागं हवा चांगली होती.

बाबा आले, चित्रं कडेले खळ लावून चिकटवलेली पाहिली, अन् त्यायले वाटलं बायकांनी खुणा पाहून बरोबर लावली असतीन. मी काही बोललो नाही. घरात शिरताच आईच्या झाडूनं पाठ आधीच सुजलेली होती. दुसऱ्या दिवशी साहेब आले. काकूनं शिवलेलं पुस्तक त्यायनं उघडून पाहिलं, पाठ कडक, पान सपाट, साहेब खूश. पहिलं चित्र नावेचं. साहेबांनी मान हलवली. तो गोराही म्हणे नावेतूनच तिथं गेला होता. दुसरं पान उलटलं. तिसरं उलटलं. मान हलाची थांबली.

"हा ज्वालामुखी इथं कसा आला?" साहेब म्हणाले.

बाबानं माह्याकडे पाहिलं. मी शिकंज्याकडे पाहिलं. मले वाटलं, आता हे पुस्तक काढून यायनं मलेच त्याच्यात दाबलं तं बरं. एवढं जुनं, पुन्हा न भेटणारं पुस्तक. साहेब शहरात दोन शब्द बोलले असते तं वकिलांच्या किताबा आमच्याकडे याच्या बंद झाल्या असत्या. तेवढ्यात मधल्या दाराच्या पडद्यातून काकूचा आवाज आला. परक्या माणसासमोर काकू बोलली, हेच मोठं होतं.

"साहेब, भांडी वेगळी काढली की डोंगर पेटतेच."

"डोंगर पहिले पेटते," पडद्यातून आईचा आवाज आला. "भांडी मंग."

साहेबांनी विचारलं, कोणाचं भांडण, कसली भांडी. आई म्हणाली, जावांचं, पुस्तक जावांचंच आहे ना. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मंग लेकराले समजवावं तसं त्यायनं सावकाश सांगतलं की बाई, जावा हे एका बेटाचं नाव आहे, दूर समुद्रात आहे, भाताचा मुलूख आहे, ती भांडी नाहीत, वाजवाचे बाजे आहेत, अन् हे तिथल्या लोकांच्या जगण्याचं पुस्तक आहे.

बाबाचे कान लाल झाले. मी मनातल्या मनात रेल्वेत बसलो.

पडदा हलला अन् आई बाहेर आली. तिनं विचारलं, "त्या बेटावर दोघा भावांचे लग्न नाही होत काय, साहेब?"

साहेब म्हणाले, होत असतीलच.

"मंग जावा आल्याच."

आयुष्यभर कोर्टात बोललेल्या त्या माणसानं पुस्तक मिटून खाली ठेवलं. मंग ते हसले. असे हसले की हातोडीवालेही क्षणभर थांबले. त्यायनं सांगतलं, चित्रं सोडवा, मी रोज दुपारी येऊन एकेकाची जागा सांगतो, पण त्याच्या आधी ही तुमची गोष्ट मले पहिल्यापासून सांगा. काकूही चहा घेऊन बाहेर आली, अन् दोघी एकीच्या तोंडातलं दुसरीनं तोडत सांगाले लागल्या. बाबा दोघींकडे पाहत होते, खापरखेड्यानंतर त्यायनं दोघींले असं बोलताना ऐकलंच नव्हतं.

सांगता सांगता धान कांडणाऱ्या दोन बायांचं चित्र आलं. साहेबांनी अगदी सहज, चहाची बशी तोंडाले लावता लावता विचारलं, "यातली मोठी जाऊ कोणती?"

"ही," आई म्हणाली, अन् वर मुसळ धरलेलीवर बोट ठेवलं.

"ही," काकू म्हणाली, अन् तिचं बोट दुसरीवर.

आईनं सांगतलं, मोठी असते तेच मुसळ वर धरते, घर तिच्या हातानं चालते. काकूनं सांगतलं, बाई, हिचे केस पाहा, पाठ पाहा, ही काय काल आली आहे? आई म्हणाली, केसानं कोणी मोठं होत नाही. काकू म्हणाली, लग्नात आधी उभं राहिलं म्हणूनही होत नाही. आई म्हणाली, लाडू तोंडात होता तं मान हलवता येत होती. काकू म्हणाली, मान हलवली होती, तुम्ही रुसून तिकडे पाहून राहिल्या होत्या. साहेब बशी हातात धरून बसून राहिले. मी सवयीनं दोघींच्या मधात जाऊन बसलो. काकूनं मले हातानं बाजूले सारलं, तिले आईचं तोंड दिसत नव्हतं म्हणून.

तेवढ्यात काका बाहेरून आले. त्यायले घरातलं काहीच माहीत नव्हतं. दारातूनच म्हणाले की टेम्पोवाल्यासोबत बोलणं झालं, रविवारी सकाळी येते, सामान बांधून ठेव.

काकूनं चित्रावरून बोट काढलं नाही. "यातली मोठी कोण हे ठरल्याशिवाय मी इथून हलत नाही," ते म्हणाली.

काका बाबाकडे पाहाले लागले. बाबानं त्यायले हळूच हातानं बस म्हटलं.

साहेब रोज दुपारी येत गेले, एकेक चित्र त्याच्या जागी लागलं, अन् पुस्तक मखमलीत गुंडाळून ते घेऊन गेले. आता साहेब नाहीत, आई नाही, मागच्या हिवाळ्यात काकूही गेली. मोठी कोण हे दोघींत शेवटपर्यंत ठरलं नाही. नंदनवनातल्या खोल्या आम्ही भाड्यानं दिल्या.